मुकादमाची सरळ चालणारी बायको

मुकादमाने उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. ही गोष्ट तो स्वतःच इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याबद्दल त्याला कुठून तरी पेन्शन मिळतं. "आमच्या घरात विचारा," तो म्हणायचा, "एवढा संसार झाला, एक चापट नाही." घरात जाऊन विचारणारा कुणी नव्हता. असता, तर बायकोने "खरंच हो, कध्धी नाही" असंच सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं. मुकादम जिन्यावर असतानाच एकदा खाकरून खोकायचा. तेवढ्यात वर रेडिओ बंद व्हायचा, चपला ओळीत लागायच्या, पाण्याचा पेला भरला जायचा आणि बायको दारात येऊन उभी राहायची. चापटीपर्यंत गोष्ट जायचीच नाही.

लोक त्याला मुकादम म्हणत, पण त्याच्या हाताखाली माणूस म्हणाल तर एक नाही. होत्या त्या मेंढ्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या मागे एक प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये मेंढ्या, मेंढ्यांवर मुकादम आणि मुकादमाच्या पायाशी त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव त्याने जावई ठेवलं होतं. का, असं विचारलं की सांगायचा, "काम काडीचं करत नाही, खातो, लोळतो, आणि आला की सगळे उठून उभे राहतात." लग्नाच्या वयाच्या लेकीला हा विनोद आवडत नसे, पण तिला विचारतो कोण? ती पुढे परगावी नोकरी धरून निघून गेली आणि अधूनमधून तोंड दाखवण्यापुरती येऊ लागली.

प्रयोगशाळेत काम चालायचं गुडघ्यांचं. हाडाच्या टोकावर एक पांढरा, ओला, गुळगुळीत थर असतो. डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात, बाकीचं जग गादी म्हणतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, पाहुण्यांना समजावून सांगायच्या, "कूर्चेत रक्त जात नाही, म्हणून ती एकदा फुटली की भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नाहीत, म्हणून झिजते तेव्हा कळत नाही. ओरडतं ते तिच्याखालचं हाड, तेही उघडं पडल्यावर." मुकादमाने हे पाठ करून टाकलं होतं, आणि घरी आल्या-गेल्याला तो ते स्वतःच शोधून काढल्यासारखं ऐकवायचा.

बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालून एक नकली गादी बनवली होती. नाण्याएवढी चकती. वरचा थर पाणी धरून ठेवणारा, लिबलिबीत, पण आत बारीक धाग्यांची जाळी विणलेली, म्हणून फाटायचा नाही. खाली स्पंजासारखा भोकाभोकांचा तळ, ज्यात हाडाने वाढून मूळ धरावं. कूर्चा फुटली असेल तिथे हाडाला तेवढाच गोल खड्डा पाडायचा आणि चकती दाबून बसवायची. एका यंत्राखाली ती चकती महिनोन्‌महिने घासून पाहिली होती आणि ती टिकली होती. आता ती जिवंत गुडघ्यात टिकते का, ते पाहायचं होतं, आणि जिवंत गुडघे मुकादमाकडे होते.

मेंढीच्या मागच्या गुडघ्यात चकती बसवायची, जखम भरू द्यायची आणि मग ठरलेल्या दिवशी तिला एका अरुंद बोळातून चालवायचं. बोळाच्या जमिनीत पायाचं वजन मोजणारी पट्टी पुरलेली. चारही पाय सारखे पडले तर गादी झकास. एक पाय हलका पडला तर मेंढी लंगडते, म्हणजे गादीत खोट. सांगायला सोपं, पण मेंढरू ते मेंढरू. मध्येच थांबायचं, मागे वळायचं, पट्टी हुंगायचं, तिच्यावरच लेंड्या टाकायचं. बाईंच्या हाताखालची शिकलेली मंडळी टाळ्या वाजवून वाजवून थकली. सगळी मोजमापं वाया जायला लागली आणि बाईंचा चेहरा उतरला.

तेव्हा मुकादम पुढे झाला. "बाई, तुमची हरकत नसेल तर आमच्या जावयाला दारात बसवतो."

जावई बोळाच्या तोंडाशी नुसता बसला. भुंकला नाही, हलला नाही, जीभ बाहेर काढून बघत राहिला. आणि तपासनीस वर्गात आल्यावर पोरं चालतात तशा मेंढ्या एकामागून एक चालत गेल्या. पावलं सारखी, आकडे सारखे. बाईंनी आनंदाने मुकादमाचा हात हातात घेतला. त्या दिवसापासून जावई प्रयोगशाळेचा माणूस झाला, त्याला खायला वेगळं भांडं आलं. जावयाने जन्मात एकाही मेंढीला दात लावला नव्हता, हेही मुकादम छाती फुगवून सांगायचा.

आता शेडमध्ये एक मेंढी होती, कान फाटलेली, म्हणून तिला कानफाटी म्हणत. संध्याकाळी जावई आपल्या भांड्याकडे गेला की कानफाटी मागचा उजवा पाय पोटाशी उचलून तीन पायांवर उभी राहायची. कधी भिंतीला अंग टाकून पडून राहायची आणि बसल्या जागेवरून मान लांब करून चारा ओढायची. तिच्यासारख्या आणखीही होत्या. मुकादमाने हे रोज पाहिलं होतं. तो शीळ घालायचा, जावई यायचा, आणि कानफाटी चारही पाय टेकून चालू लागायची. "बघा, नाटकं!" मुकादम हसायचा. "लाड केले की मेंढरू लंगडतं. जरा धाक दिसला की पाय कसा सुतासारखा सरळ!" हे त्याने बाईंना सांगितलं नाही. लपवलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याच्या टाळक्यातच शिरलं नाही. धाकाने कधी काही बिघडतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची टाप कुणाची होती?

मुदत संपल्यावर मेंढ्या मारल्या आणि गुडघे उघडून पाहिले. वरचा थर काचेसारखा लख्ख. काही गुडघ्यांत मात्र चकती आणि हाड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली. त्यात कानफाटीचाही गुडघा होता. बाई त्या फटीकडे बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी चालण्याचे आकडे काढायला लावले. कानफाटी तर सगळ्यांत सरळ चालली होती! तेव्हा ती फट करवतीने कापताना पडली असणार, असं ठरलं आणि सगळ्या शहाण्या माणसांनी माना डोलावल्या. मुकादम तिथेच, उरलेल्या तंगड्यांच्या बादल्या उचलत होता.

त्याच सुमाराला मुकादमाची बायको पडली. ती घरी शिवणकाम करायची. मुकादमाने न्हाणीघरातून टॉवेल मागितला. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा आवाज चढला, तशी ती हातातलं शिवण टाकून धावली, आणि ओल्या फरशीवर पाय सटकून उजवा गुडघा उंबऱ्यावर आपटला. पडल्या पडल्या तिने आधी टॉवेल आत सरकवला. मग भिंतीला टेकून पांढरीफटक होऊन बसली. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यात बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, गादीचा नाण्याएवढा टवका उडालाय.

"नाण्याएवढा?" मुकादम म्हणाला. लॉटरी लागल्यावर माणूस आकडे पुन्हा वाचायला सांगतो, तसा.

बाईंना तेव्हा आपली गादी माणसांना बसवून पाहायची परवानगी मिळाली होती आणि तयार होणारी माणसं हवी होती. मुकादम गेला आणि बायकोचा गुडघा देऊ करून आला. बाई कचरल्या. "मुकादम, घरच्या माणसावर नको. आणि त्यांना विचारलंत का तुम्ही?"

"विचारायचं काय त्यात? ती नाही म्हणत नाही," मुकादम म्हणाला, आणि हे तो कौतुकाने म्हणाला.

डॉक्टरांनी मात्र तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. "हे बघा, ही गादी नवीन आहे. जमेल, न जमेल. बसवल्यावर दुखत राहिलं, सूज आली, तर ताबडतोब सांगायचं. पहिल्या काही महिन्यांत सांगितलंत तर गादी काढून टाकू, गुडघा वाचेल. अंगावर काढलंत तर खालचं हाड पोखरत जाईल. मग दोन्ही हाडं एकमेकांना जोडून टाकावी लागतील आणि पाय जन्मात वाकायचा नाही. कळलं ना? तुमची स्वतःची इच्छा आहे ना?"

मुकादम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ती मान न वळवता म्हणाली, "हो. आमची इच्छा आहे."

डॉक्टरांनी पेन पुढे केलं आणि तिने सही केली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. सगळे तसंच म्हणाले. टाके सुटले, कुबड्या सुटल्या, आणि ती तपासणीला जाऊ लागली. तिथे एक लांब खोली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, डॉक्टर बघणार, एक माणूस फिल्म घेणार. मुकादम दरवेळी सोबत जायचा आणि दारात उभा राहायचा. ती चालायची. पावलं सारखी, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर.

"दुखतं का?" डॉक्टर विचारायचे.

"नाही."

"जिना उतरताना?"

"नाही हो."

"सरळ बोला हं, घाबरू नका."

"ती कशाला घाबरेल?" मुकादम दारातून म्हणायचा, आणि तीही हसायची.

दुखत होतं. पहिल्या दिवसापासून दुखत होतं. आधी कळ, मग ठणका, मग आत काहीतरी हलल्यासारखं, वाळूचे खडे दळल्यासारखं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पण मुकादमाने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की आमच्या घरात जगातली पहिल्या चार-सहा जणांतली गादी आहे. दुखतंय म्हणायचं म्हणजे त्याची गादी वाईट म्हणायचं, त्याच्या मेंढ्या, त्याच्या बाई, त्याचा जावई, सगळंच वाईट म्हणायचं. तेवढं तोंड तिला नव्हतं. तिने शिलाई मशीनचं पायडल उजव्या पायाखालून काढून डाव्या पायाखाली घेतलं आणि मूग गिळून बसली.

एकदा तिचा भाऊ भेटायला आला. चहा झाल्यावर मुकादम म्हणाला, "अगं, भावाला बसून दाखव."

"राहू द्या ना भाऊजी," भाऊ म्हणाला.

"राहू द्या काय? बघू दे की त्याला. बस. पूर्ण बस, उकिडवी. हां. आता ऊठ. हात टेकायचा नाही! परत. ऐक, ऐक, गुडघ्यातून आवाज तरी येतो का? कूर्चेत मज्जातंतूच नसतात मुळी, दुखेल कुठून?"

ती बसली, उठली, बसली, उठली. तोंडावर हसू होतं आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. भावाने रिकाम्या कपात बघत घोट घेतल्यासारखं केलं. निघताना जिन्यात त्याने हळूच विचारलं, "ताई, खरंच बरंय ना गं?" तिने वर दाराकडे पाहिलं. "बरंय रे. वय झालं, एवढंच." त्याला बस गाठायची होती. त्याने तेवढ्यावर समाधान मानलं आणि तो पायऱ्या उतरून गेला.

तिच्या चालण्याची फिल्म मोठ्या बाईंना इतकी आवडली की येईल त्या पाहुण्याला त्या ती दाखवायच्या. नवीन पेशंट आले की त्यांनाही आधी तीच दाखवायच्या, धीर यावा म्हणून. ती पाहून एका बस कंडक्टरने गादी बसवून घेतली, शाळेत खेळ शिकवणाऱ्या एका बाईंनी घेतली, नुकतंच लग्न झालेल्या एका रंगाऱ्याने घेतली. मुकादमाला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, तो काही खाली उतरायला तयार नव्हता.

मग एके दिवशी त्याची दाढ काढली. दाढवाल्या डॉक्टरने गालात कापसाचा बोळा दाबून बसवला आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत बोलू नका, खोकू नका, घरी जाऊन पडा." मुकादम भरदुपारी घरी निघाला, मागोमाग जावई. जिन्यावर सवयीने घसा साफ करायला गेला आणि बोळा आठवून थांबला. दार वाऱ्यासाठी अर्धवट उघडं होतं.

बायको जमिनीवर होती. उजवा पाय पुढे लांब केलेला, साडी मांडीपर्यंत वर घेतलेली, गुडघा सुजून तुकतुकीत झालेला. ढुंगणाखाली कपड्यांच्या चिंध्यांची एक चपटी उशी बांधलेली. मांडीवर भाजी चिरलेलं पातेलं. दोन्ही तळहात फरशीवर टेकून ती स्वतःला मागे रेटत स्वयंपाकघराकडे सरकत होती, आणि दर रेट्याला "आई गं... आई गं..." असं हळू, सवयीचं, म्हणत होती. रेडिओवर कुणीतरी गात होतं. रेडिओ जमिनीवर होता. डबे जमिनीवर होते. कात्री, दोरे, तेलाची बरणी, पेले, सगळं बसून हाताला येईल अशा उंचीवर आलं होतं. मुकादम या घरात रोज जेवत होता, झोपत होता. त्याला काहीएक दिसलं नव्हतं.

जावई त्याच्या पायामधून आत गेला आणि तिच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. तिला त्या कुत्र्याची कधीच भीती वाटली नव्हती. तिने त्याचा कान चोळला. "आलास होय रे? आणि एकटाच कसा..."

मग तिने वर पाहिलं.

ती उठली. एक हात भिंतीवर, ओठ दातांत, एक झटका, आणि उभी. साडी सारखी केली. रेडिओ बंद केला. आणि मग ती चालत गेली. सरळ. दोन्ही पावलं सारखी, मान ताठ. नळाखाली पेला भरला, तशीच चालत परत आली आणि पेला त्याच्यापुढे धरून म्हणाली, "आज लवकर?"

मुकादमाच्या जिभेवर पहिला शब्द आला तो 'नाटकं'. आयुष्यभराची सवय, दुसरं काय येणार? पण तोंडात बोळा होता, शब्द आतच राहिला. आणि आत राहिलेला शब्द त्याला प्रथमच नीट बघावा लागला. नाटक कुणासाठी? घरात चिटपाखरू नव्हतं. एकटं माणूस भिंतींना कशाला लंगडून दाखवेल? शेंबड्या पोराला सुचावी अशी गोष्ट, पण ती मुकादमाला सुचायला केस पांढरे व्हावे लागले. मग त्याला कानफाटी आठवली, पोटाशी पाय धरून उभी असलेली. तो दाराच्या उंबऱ्यावरच खाली बसला. त्याचे डोळे वाहायला लागले.

तिने वाकून काळजीने विचारलं, "दाढ फार दुखतेय का हो?"

दुसऱ्याच दिवशी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ती लांब खोलीत चालून गेली, चालून आली.

"दुखतं का?"

"नाही."

"ती खोटं बोलतेय," मुकादम म्हणाला. गाल अजून सुजलेला होता.

"सरळ तर चालतायत," डॉक्टर म्हणाले.

"मी बाहेर जातो. मग बघा."

दाराला काचेचा चौकोन होता. मुकादम बाजूला भिंतीशी उभा राहिला आणि कडेने आत बघू लागला. ती बराच वेळ दाराकडे बघत थांबली. मग डॉक्टर काहीतरी बोलले. मग तिने एक पाऊल टाकलं, आणि ते पाऊल असं कोसळलं की डॉक्टरांनी धावत जाऊन तिला धरलं. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, पलंगाची दांडी, एकेक धरत ती खोलीच्या निम्म्यापर्यंत आली आणि तिथेच खाली बसली. तिचं तोंड उघडं होतं. काचेतून आवाज येत नव्हता. एवढ्या संसारात मुकादमाने बायकोला रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही पाहिलं ते चोरून.

उशीर झाला होता. चकतीने हाडात मूळ धरलंच नव्हतं. ती हलत राहिली होती, आणि तिच्याखालचं हाड वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखं झालं होतं. मोठ्या बाई धावत आल्या. "असं कसं होईल? मेंढ्या तर..."

"मेंढ्याही जावई दारात असेपर्यंतच सरळ चालायच्या, बाई," मुकादम म्हणाला. "तो जेवायला गेला की कानफाटी पाय उचलून धरायची. रोज."

बाई म्हणाल्या, "आणि हे तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, नाटकं करतात."

बाईंनी बाकीच्या पेशंटांना बोलावून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "दुखतं की! केव्हाचं दुखतंय. पण त्या फिल्ममधल्या बाई कशा चालतात ते बघितलं होतं ना. म्हटलं, आपणच नाजूक." रंगारी तर हसायलाच लागला. त्याने शिडीवर उभं राहता येत नाही म्हणून कामच सोडलं होतं, पण इथे येऊन सांगायची लाज वाटली होती. बाईंची वर्षं त्या आठवड्यात मातीत गेली, आणि पेशंटांचे गुडघे गेले ते वेगळेच.

मुकादमाच्या बायकोची हाडं जोडून टाकली. पाय काठीसारखा सरळ झाला, कायमचा. डॉक्टरांना राहवलं नाही. "एवढं सोसलंत, सांगितलं का नाहीत? मी दरवेळी विचारत होतो."

"विचारत होतात," ती म्हणाली. "हे असताना."

आता मुकादमाची सुधारणा ऐका. जावयाला शेडमधून काढलं, तो घरी येऊन पडला. मुकादमाचा आवाज खाली आला. तो चपला जिन्याखाली काढू लागला, खोकायचं तर त्याने सोडूनच दिलं. अनवाणी, चोरपावलांनी वर यायचा. आपल्या चाहुलीने तिला उठायला लागतं ना, मग चाहूलच नको. त्याने मनाशी हे फार मोठं प्रायश्चित्त धरलं होतं. तरी दरवेळी तो आला की ती दारात उभीच असायची. त्याला वाटायचं, बरी होत चाललीय.

लेक रजा काढून आली. आईला म्हणाली, "माझ्याकडे चल." आई म्हणाली, "आणि यांच्या जेवणाचं काय?" लेक चार दिवस राहिली, तिने सगळं पाहिलं, आणि निघायच्या दिवशी बापाला जिन्याखाली गाठलं. तो चपला काढत होता.

"बाबा, खोकत जा."

"अगं, मी मुद्दामच बंद केलंय. तिला त्रास नको म्हणून."

"माहितीये. पण तुम्ही कधी याल ते तिला आता कळत नाही. म्हणून ती सकाळपासून उभीच असते. भिंतीला टेकून, उभ्या उभ्या शिवते. रात्री कंबर धरून झोपते." लेकीने बॅग खांद्यावर घेतली. "खोकलात तर निदान तोवर बसेल तरी. आणि खोकल्यावर जरा खाली थांबा. तिला आता उठायला वेळ लागतो."

ती वळून गेली. मुकादम पायरीवर उभा राहिला, एका हातात चपला. मग त्याने त्या परत पायात घातल्या आणि खोकला.

वर रेडिओ बंद झाला. काहीतरी फरशीवर घासत गेलं. मग पेल्याचा आवाज, नळाचा आवाज. मग हात भिंतीवर आपटल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मुकादम कठड्याला धरून उभा होता. मग लाकूड टेकवल्यासारखं एक पाऊल वाजलं, आणि दुसरं.

तो वर गेला. ती दारात उभी होती, पाण्याचा पेला घेऊन, मान ताठ.

"दुखतं का गं?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तो पाणी प्यायला.